यकृताचा कर्करोग आणि वयाचा रकाना

शहागडला गोदावरीवर पूल आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग या पुलावरून जातो. उत्तरेचा काठ जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. दोन्ही काठांची जमीन सारखी, पिके सारखी, सोयरिकीही एकमेकांत. पण कर्करोगाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने हे दोन काठ सारखे नव्हते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या वर्षांच्या अहवालात ‘उस्मानाबाद आणि बीड’ हे एक नोंदणी केंद्र आहे (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव). औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे केंद्रही आहे. जालना जिल्हा त्या यादीत नाही. म्हणजे त्या वर्षांत गेवराईच्या एखाद्या तिशीतल्या माणसाला यकृताचा कर्करोग झाला असता, तर त्याचे वय एका तक्त्यात जाऊन बसण्याची सोय होती. शहागडच्या माणसासाठी ती नव्हती.

एका माणसाचे वय लिहिले गेले नाही तर काय बिघडले, असा प्रश्न वर्गातला एखादा विद्यार्थी नक्की विचारील. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर यकृताच्या कर्करोगाचे कारण कसे सापडले हा सगळा इतिहासच सांगावा लागतो, कारण त्या शोधात सूक्ष्मदर्शकाइतकेच काम नोंदवहीतल्या वयाच्या रकान्याने केले आहे.

आधी एक सर्वसाधारण नियम लक्षात घेऊ. बहुतेक कर्करोगांचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते, आणि ते सरळ रेषेत नव्हे तर फार झपाट्याने वाढते. पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५४ मध्ये याचे गणित मांडले. पेशी कर्करोगाची होण्याआधी तिच्यात एकामागून एक असे अनेक बदल व्हावे लागतात, आणि इतके बदल साठायला वर्षे जातात, हा त्यामागचा विचार. तेव्हा सत्तराव्या वर्षी झालेल्या कर्करोगाचे फारसे आश्चर्य वाटायला नको. तिशीत झाला तर मात्र विचारले पाहिजे: इतके बदल इतक्या लवकर कसे साठले? कोणत्या तरी कारणाने काम फार लवकर सुरू केले असले पाहिजे, किंवा कारणच वेगळे असले पाहिजे. पुढे आपण पाहू की यकृताच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

सोन्याच्या खाणीतले तरुण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांच्या लेखी यकृतातच सुरू होणारा कर्करोग हा दुर्मीळ आणि म्हाताऱ्यांचा आजार होता. (दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेला कर्करोग ही वेगळी गोष्ट, तो पुष्कळच आढळतो आणि या लेखाचा विषय नाही.) दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या आफ्रिकी मजुरांत मात्र हा आजार वारंवार दिसे. चार्ल्स बर्मन या डॉक्टरांनी तेथील रुग्णांचा अभ्यास करून १९५१ मध्ये या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, मोझांबिकमधून आलेल्या मजुरांत हा रोग इतर मजुरांपेक्षा कितीतरी जास्त होता. दुसरी, रुग्ण बहुतेक तरुण होते. धडधाकट म्हणून भरती झालेला गडी, आणि काही महिन्यांत पोटात दगडासारखी गाठ घेऊन मृत्यू.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण चलाख वाचकाला शंका आली असेल. खाणीत भरती तरुणांचीच होते! साठीची माणसे तिथे नसतातच, मग रुग्ण तरुण असणारच. शंका अगदी रास्त आहे आणि ती आजही रोज उपयोगी पडते. ‘कर्करोग आता तरुणांना होऊ लागला आहे’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा आधी विचारावे की तरुण मुळात किती आहेत. समजा, एका तालुक्यात एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे १० रुग्ण आढळले. त्यांतले ६ चाळिशीच्या आतले आणि ४ साठीच्या पुढचे. वाटेल की हा तरुणांचा आजार आहे. पण त्या तालुक्यात चाळिशीच्या आतली प्रौढ माणसे ६०,००० असतील आणि साठीपुढची ८,००० असतील, तर तरुणांतले प्रमाण लाखात १० आणि वृद्धांतले लाखात ५० भरते. रुग्णांची सरासरी काढून हे कधीच कळत नाही. छेद कोणता घेतला, यावर उत्तर अवलंबून असते. अपूर्णांक शिकवताना अंशाकडे मुलांचे लक्ष जाते आणि छेद दुर्लक्षित राहतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. डॉक्टरांचेही तसेच होते.

मोझांबिकच्या बाबतीत हा छेद पुढे मिळाला. लोरेन्सो मार्किश (आजचे मापुटो) या शहरात प्राटेस आणि टोरेस या दोघांनी खाणीतल्या मजुरांची नव्हे, तर सगळ्या शहराच्या लोकसंख्येची पाहणी केली आणि १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयोगटानुसार प्रमाण काढल्यावर चित्र आधीपेक्षाही विलक्षण दिसले. पंचवीस ते चौतीस वर्षांच्या पुरुषांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण ब्रिटन-अमेरिकेतील त्याच वयाच्या गोऱ्या पुरुषांच्या पाचशे पटींहून अधिक होते. पासष्टीपुढील पुरुषांची तुलना केली तर ते सुमारे पंधरा पट होते.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. मोझांबिकमधला रोग हा युरोपातल्याच रोगाची मोठी आवृत्ती असता, तर प्रत्येक वयात तो साधारण तेवढ्याच पटींनी जास्त असता. तसे नव्हते. तरुणांना गाठणारे काहीतरी वेगळे तिथे होते आणि ते बालपणापासूनच कामाला लागलेले असणार होते. एक तक्ता बोलतो तो असा. मला स्वतःला या विषयातल्या अनेक चकचकीत शोधांपेक्षा हा साधा तक्ता जास्त मोलाचा वाटतो.

संशयित कोण?

१९५० च्या दशकात पहिला संशय कुपोषणावर होता. प्रथिनांच्या अभावाने मुलांच्या यकृतात चरबी साठते हे माहीत होते, त्यामुळे तर्क स्वाभाविकच होता. दुसरा संशयित अनपेक्षित रीतीने पुढे आला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे एक लाख पक्षी यकृत बिघडून मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती. बुरशीने तयार केलेल्या विषाला तिच्याच नावावरून ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. आफ्रिकेत भुईमूग आणि मका हे रोजचे अन्न, हवा दमट, साठवण कच्ची. आपल्याकडेही हे विष परके नाही. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका खाऊन कावीळ पसरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. भिजलेल्या शेंगा आणि काळपट कणीस टाकून द्यायचे, जनावरांनाही घालायचे नाही, हे आपल्या शेतकऱ्याला शाळेनेच सांगितलेले बरे.

तिसरा संशयित सापडला तो यकृताचा शोध न घेणाऱ्या माणसाला. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकी संशोधक निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांतले फरक तपासत होते. अनेकदा रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी प्रक्रिया झालेली त्यांना दिसली. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणून ओळखला गेलेला हा पदार्थ म्हणजे कावीळ करणाऱ्या एका विषाणूचे आवरण होते, हे नंतर कळले. तोच हिपॅटायटिस बी. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण विषाणू रुग्णाच्या रक्तात सापडणे आणि त्यानेच कर्करोग होणे यांत अंतर आहे. कदाचित आजारी यकृतात विषाणू नंतर शिरत असेल! हे अंतर तैवानमध्ये मिटले. पामर बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ पासून २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचे रक्त आधीच तपासून ठेवले आणि मग वाट पाहिली. त्यांपैकी ३,४५४ विषाणूचे वाहक होते. १९८१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत यकृताच्या कर्करोगाचे ४१ रुग्ण होते. त्यांतले ४० वाहकांपैकी आणि एक जण उरलेल्या एकोणीस हजारांपैकी. धोका २२३ पट! धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेसुद्धा इतके घट्ट नाही.

आता वयाचे कोडे सुटते. हा विषाणू प्रौढ माणसाच्या शरीरात शिरला तर कावीळ होते आणि बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलून लावते. शंभरांत पाचांहून कमी लोक कायमचे वाहक होतात. पण जन्माच्या वेळी आईकडून तो बाळाला मिळाला तर शंभरांतली नव्वद बाळे वाहक राहतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांत साधारण तीसेक. बाळाच्या प्रतिकारशक्तीला तो परका वाटत नाही. ती त्याला घरातच राहू देते. तेव्हा तिशीत यकृताचा कर्करोग झालेला तरुण रोगाशी तीस वर्षे झगडत आलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसते.

तैवानमधले रुग्ण मग मोझांबिकइतके तरुण का नव्हते? बालपणी लागण दोन्हीकडे होते. उत्तराचा एक भाग बुरशीत आहे. शांघायमध्ये अठरा हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत १९९४ मध्ये दिसले की केवळ विषाणू असेल तर धोका सुमारे सात पट, विषाणू आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही असतील तर जवळजवळ साठ पट. दुसरा भाग विषाणूच्या वाणात आहे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांना असे आढळले की तिकडे आढळणाऱ्या वाणाच्या वाहकांना कर्करोग कमी वयात होतो.

बार्शीची वही

आपल्याकडे कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला तो वसंत रामजी खानोलकर यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. भारतातील निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांची सांगड घालणे हे त्यांचे आवडते काम. पण रुग्णालयाकडे अंश असतो, छेद नसतो. रुग्ण कुठून किती येतील याला धरबंध नाही. छेद हवा तर ठरावीक प्रदेशातील प्रत्येक रुग्णाची नोंद हवी. अशी देशातली पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईतच इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, डॉ. डी. जे. जस्सावाला यांचा त्यात पुढाकार होता.

मुंबईची नोंदणी मुंबईचे सांगणार. खेड्यातला रुग्ण बऱ्याचदा रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. कावीळ झाली म्हणून आधी उतारा, मग झाडपाला, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि मग काहीच नाही. म्हणून १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती वेगळ्या पद्धतीने. शहागडहून गेवराई, बीड करत याच रस्त्याने दक्षिणेला गेले की बार्शीचा प्रदेश लागतो. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे निवडली गेली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांच्या या कामात कार्यकर्ते रुग्णाची वाट पाहत बसत नसत. तेच गावोगाव जात, माणसांशी बोलत आणि संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणत.

तिथे वयाचा रकाना भरणे सोपे नव्हते. मराठवाड्याच्या खेड्यात जुन्या माणसाला वय विचारून पाहा. ‘रझाकाराच्या वेळी मी रांगत होतो,’ असे उत्तर येते, म्हणजे १९४८. कोणाचे लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालेले, कोणाचा मुलगा किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीचा, म्हणजे १९९३ चा. अशा खुणांवरून वय बसवावे लागते. जे बसवत नाहीत ते गोळाबेरीज करतात: पन्नास, साठ, पंचेचाळीस. वर्गात एक प्रयोग करता येईल. गावाची जुनी मतदार यादी मिळवा, दोनशे माणसांची वये घ्या आणि शेवटचा अंक कोणता किती वेळा येतो ते मोजा. सगळे अंक सारखे आले तर प्रत्येक अंक साधारण वीस वेळा यावा. शून्य आणि पाच किती वेळा येतात ते पाहून मुले चकित होतील. मग नव्या यादीवर तोच प्रयोग करावा आणि फरक पाहावा.

अशा नोंदींतून भारतापुरती एक गोष्ट स्पष्ट झाली. इथे यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण मोझांबिक किंवा तैवानच्या तुलनेने बरेच कमी आहे, आणि रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचे असतात. बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बी चे सुमारे तीन कोटी वाहक होते. मग रोग कमी का? एक कारण असे दिसते की तैवानमध्ये आईकडून बाळाला जन्मताच लागण होण्याचे प्रमाण मोठे होते. आपल्याकडे पुष्कळ लागण जन्मानंतर, बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत घरातल्या घरात होते. घड्याळ थोडे उशिरा सुरू होते.

वय पाहून यकृताच्या आजाराचे कारण शोधल्याचे एक उदाहरण अगदी आपल्या पुण्याचे आहे. ते कर्करोगाचे नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचे यकृत कडक होऊन ती दगावत. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे नावच पडले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी विचारले: याच वयात का? मुलांच्या यकृतात तांबे फार साठलेले होते. १९८३ मध्ये त्यांनी बोट दाखवले ते कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याकडे. त्यात तापवलेले, साठवलेले दूध लवकर वर लावलेल्या बाळांना मिळत होते. प्रत्येक मुलाच्या बाबतीत भांड्याचा पुरावा मिळाला नाही आणि आनुवंशिकतेचाही भाग असावा, असा वाद राहिला. पण घरोघरी स्टेनलेस स्टील आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

एकच नाव, दोन रोग

म्हाताऱ्या रुग्णाच्या यकृताचा इतिहास बहुधा लांब असतो. दारू, हिपॅटायटिस सी (हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला), आणि अलीकडे लठ्ठपणा व मधुमेहामुळे यकृतात साठणारी चरबी. यांतून आधी सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत जागोजाग वण पडून आक्रसते, आणि त्या जमिनीत कर्करोग उगवतो. अशा माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर गाठ लहान असताना सापडू शकते. पण यकृत इतके थकलेले असते की लहान गाठ कापतानाही सर्जनला विचार करावा लागतो.

हिपॅटायटिस बी मुळे तरुणपणी झालेल्या कर्करोगात सिऱ्होसिस कित्येकदा नसतोच. या विषाणूची जनुके यकृतपेशीच्या जनुकांत घुसून बसू शकतात, त्यामुळे वण पडण्याची पायरी गाळूनही कर्करोग होतो. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. गाठीने वरचे आवरण ताणले की दुखू लागते. बाकीचे यकृत निरोगी असल्याने काम चालू राहते, भूकही लागते. आपण वाहक आहोत हे माहीत नाही, म्हणून तपासणी नाही. त्यामुळे तरुण रुग्ण प्रथम येतो तोच मोठी गाठ घेऊन. याची दुसरी बाजू अशी की त्याचे उरलेले यकृत दणकट असते. निरोगी यकृताचा सत्तर टक्क्यांपर्यंत भाग काढला तरी ते पुन्हा वाढते. तेव्हा रोग पसरलेला नसेल तर वृद्धाला न झेपणारी शस्त्रक्रिया तरुणाला झेपते. ‘तरुणांत हा रोग जास्त घातक’ असे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. उशिरा पोचणे घातक आहे.

वाहकांची नियमित तपासणी कोणत्या वयापासून करावी याचे अमेरिकी डॉक्टरांनी ठरवलेले नियम पाहा: आशियाई पुरुषांसाठी चाळिशीपासून, स्त्रियांसाठी पन्नाशीपासून, आफ्रिकेत जन्मलेल्यांसाठी विशीपासून. बर्मनच्या खाणमजुरांची सावली त्या नियमावर आहे.

आणि एक प्रकार असा की जो तरुणांनाच होतो. ह्यू एडमंडसन यांनी १९५६ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या यकृतातील वेगळ्या दिसणाऱ्या गाठीचे वर्णन केले. ‘फायब्रोलॅमेलर’ या नावाने ओळखला जाणारा हा दुर्मीळ कर्करोग बहुतेक पस्तिशीच्या आतल्यांना होतो. विषाणू नाही, दारू नाही, सिऱ्होसिस नाही. २०१४ मध्ये कळले की या गाठींत एका गुणसूत्राचा छोटा तुकडा गळून दोन जनुके एकमेकांना चिकटलेली असतात. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत याच रोगातून बरी झालेली एक विद्यार्थिनी होती. इथे घड्याळ लवकर सुरू झालेले नाही; घड्याळच दुसरे आहे.

लस आणि तिची वर्षे

तैवानने जुलै १९८४ मध्ये वाहक मातांच्या बाळांना आणि जुलै १९८६ पासून सगळ्याच बाळांना हिपॅटायटिस बी ची लस देणे सुरू केले. मेई-ह्वेई चांग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आकडे दिले: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ०.७० वरून ०.३६ वर आले होते. लसीने कर्करोग टळतो याचा हा पहिला पुरावा होता.

त्याच वर्षी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि परदेशी लसीची चढी किंमत खाली आली. शाळाशाळांतून झालेली लसीची शिबिरे अनेक शिक्षकांना आठवत असतील. पण मोठ्या मुलांना लस देण्यापेक्षा जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत दिलेला डोस कितीतरी महत्त्वाचा, हे वर पाहिलेल्या आकड्यांवरून उघड आहे. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ पासून निवडक ठिकाणी, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून देशभर आली. म्हणजे २००८ नंतर महाराष्ट्रात जन्मलेला विद्यार्थी आणि त्याला शिकवणारा शिक्षक या लसीच्या दोन बाजूंना उभे आहेत. शिक्षकाला ती बालपणी मिळालेली नाही. त्याने एकदा रक्त तपासून घ्यायला हरकत नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. (२८ जुलै हा ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस.)

तैवानमधील १९८४ ची बाळे २०२४ मध्ये चाळीस वर्षांची झाली. वृद्धपणी त्यांचे प्रमाण काय असेल ते अजून कोणी मोजू शकत नाही, कारण ती अजून वृद्ध झालेली नाहीत. आपली २००८ ची बाळे चाळिशी गाठतील ती २०४८ मध्ये. त्या वेळी कोणी महाराष्ट्राचा वयोगटवार तक्ता काढायला बसले, तर त्याला शहागडच्या बाजूचेही आकडे लागतील. ती वये मात्र दुष्काळ आणि भूकंपावरून बसवावी लागणार नाहीत. लसीच्या कार्डावर तारीख लिहिलेली आहे, आणि त्याच ओळीत पहिला डोस कधी दिला तेही.